भारचक्रातले ससे

चांद्रवस्तीच्या प्रयोगशाळेत टेबलावर मेलेला ससा ठेवला होता आणि त्याच्यासमोर गोजराक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. जणू तो उठून जबाब देणार होता.

"कुणी मारला ते सांगा," ती म्हणाली. "पुढचं मी बघते."

"कुणी नाही मारला, आक्का." डॉक्टर तस्नीम मुजावर म्हणाली. ती वस्तीची अस्थितज्ज्ञ, हाडांची जाणकार. "त्यानंच लाथ झाडली. पेटी अरुंद. पाय भिंतीवर आपटले आणि कणा मोडला."

"लाथ झाडून कणा मोडतो होय? गावाकडं आमची म्हैस रोज लाथा झाडायची. तिचा नाही मोडला. माझा मात्र मोडायची पाळी आली होती."

तस्नीमला हसू आलं, पण ते तिनं गिळलं. आक्काच्या पदराआड चार वर्षांची अबोली दोनांतला उरलेला ससा छातीशी धरून उभी होती.

"म्हशीच्या हाडांवर तिचं पुरतं वजन होतं," तस्नीम म्हणाली. "इथं वजन सहाव्या हिश्श्यानं. हाड म्हणजे मेलेला खांब नव्हे, आक्का. रोज भार पडला, धक्के बसले, की आतून त्याची जाळी विणली जाते, आणि भार जिकडून येतो तिकडं ती घट्ट होते. हाड वजनाकडून शिकतं. इथं आधीच वजन नाही, त्यात पेटीत दोन उड्यांची जागा नाही. मग ते शिकणार कुणाकडून?"

"मग मोठी जागा द्या."

"नुसती जागा देऊन भागत नाही. जागाही हवी आणि वजनही. दोन्ही एकत्र फक्त भारचक्रात मिळतं."

भारचक्र म्हणजे खाणीशेजारच्या गुहेत बसवलेलं खोलीएवढं फिरतं पिंप. अभियंता प्रभुदेसाईनं ते बांधलं, तेव्हा आक्कानं त्याला विचारलं होतं की नुसतं गरगरून वजन कसं येतं. तो म्हणाला होता, "फुगडी जोरात आली की वेणी पाठीवर राहते का? बाहेर ओढली जाते. तसंच इथं सगळं अंग भिंतीकडं ओढलं जातं. भिंत हीच जमीन होते आणि माणसाला पृथ्वीवरचं वजन मिळतं."

चक्र बांधलं होतं वस्तीत जन्मलेल्या मुलांसाठी. पण ते लहान, म्हणून वेगानं फिरवावं लागे. पोरं आत गेली की पांढरीफटक पडत, ओकत, रडत बाहेर येत. अबोली तर चक्राचं दार दिसलं तरी आक्काच्या मानेला मिठी मारी.

"सशांना गरगरेल ना?" आक्कानं विचारलं.

"ससा ओकतच नाही, त्याची घडणच तशी. दोन दिवसांत रुळेल." तस्नीम थांबली. "मुलंही रुळतात, आक्का. महिना-दीड महिना लागतो."

"महिनाभर माझ्या नातीला ओकायला लावू? तिच्या आईनं माझ्या ओटीत टाकलीय ती." हे खरं होतं. आक्काची लेक वैजू बाळंत झाली आणि तिची मूत्रपिंडं बिघडली. तिला उपचारासाठी नवऱ्यासकट कायमचं पृथ्वीवर न्यावं लागलं. यानाचा धक्का लहान अंगाला सोसत नाही, म्हणून चौदा वर्षं पुरी होईतो कुठल्याही मुलाला यानात घेत नसत. अबोली मागं राहिली. "आणि तुमचा तो अस्थिरस पाजताय की पोरांना. त्यानं हाडं जाड होतात म्हणालात."

"जाड होतात. बाकीचं अजून कळायचंय."

"कळेल तेव्हा कळेल. तोवर चक्रात ससे राहतील. मुकं जनावर पेटीत कोंडून मारायला मी काय कसाई आहे? परभू, तू ऐकतोयस ना?"

प्रभुदेसाई दारातच होता. आक्काच्या हातात वस्तीचं स्वयंपाकघर होतं आणि तोंडात सगळ्यांच्या सात पिढ्या. वस्तीच्या बैठकीतही कुणी हूं की चूं केलं नाही. इतर आयांनीही सुटकेचा श्वास टाकला. पोरांचं ओकणं थांबलं आणि भारचक्रात ससे सोडले.

उरलेला ससा भुऱ्या. त्याला पृथ्वीवरून जोडीदारीण मागवली, आणि ती दोघं अशी धावली की प्रभुदेसाई पहिल्या दिवशी काम टाकून बघत बसला. लांब पाय सोडून, मध्येच अंगाला हिसडा देऊन हवेत वळत. आक्का पोरांना जमवून झरोक्यातून दाखवायची. "बघा, जनावराला जागा दिली की कसं फुलतं." त्यांना पिलं झाली, पिलांना पिलं.

अबोलीही वाढली. चवळीच्या शेंगेसारखी लांबसडक. बोगद्यातून एका उडीत वीस हात जायची, भिंतीला बोट लावून वळायची. रोज पडद्यावर आईशी बोलायची. बोललेलं तिकडं पोचून उत्तर यायला अडीच-तीन सेकंद जात, आणि तेवढ्या वेळात अबोली आईच्या चेहऱ्याकडं डोळे न मिटता बघत राही. चौदावं संपायला आलं, तेव्हा वैजूनं खिडकीजवळ पलंग मांडला आणि तो पडद्यावर दाखवला. आजी-नातीच्या यानातल्या खुर्च्या ठरल्या. राहिली फक्त तपासणी.

तस्नीमनं भिंतीवर दोन छेदपट लावले, हाडाची आतली वीण दाखवणारी चित्रं. ती काढणारं यंत्र वस्तीत यंदाच आलं होतं. एकात जाळी सुपाच्या विणीसारखी, एकीत एक अडकवलेली. दुसऱ्यात नुसता पांढरा गठ्ठा, जाड, पण त्याला ना आडवं ना उभं.

"आमचा हा विणीचा असणार," आक्का म्हणाली. "हाडापेराची आमच्याच वळणाची आहे पोर."

"तो सशाचा आहे, आक्का."

आक्का दुसऱ्या पटाकडं बघत राहिली.

"अस्थिरसानं हाड भरलं, पण शिकलं नाही," तस्नीम हळू म्हणाली. "इथं ती जन्मभर धडधाकट राहील. पृथ्वीवर उतरली तर पहिल्याच आठवड्यात स्वतःच्याच वजनानं तिचा कणा बसेल."

"मग आत्ता घाला चाकात. ओकू दे. मी पुसते."

"हाडाची शिकायची उमर सात-आठ वर्षांपर्यंतच असते. हेही तिच्याच पटावरून आज कळलं. सशाची ती उमर काही महिन्यांची, आणि हे ससे जन्मले तेच चक्रात. लहान पोरांना उद्यापासून घालू. ती वाचतील. अबोलीच्या वयाची नाहीत."

आक्का पटापाशी जाऊन उभी राहिली. मग तिनं विचारलं, "तू तेव्हा माझ्या तोंडाला का भ्यालीस, तस्नीम?"

"सगळेच भ्यायचो, आक्का. आणि मलाही त्या पोरांचं रडणं ऐकवत नव्हतं."

वैजूला आक्कानंच सांगितलं. शिव्या देईल तर बरं, असं तिच्या मनात होतं. तीन सेकंद गेले. आणखी तीन गेले. वैजूनं शिवी दिली नाही. "उंच किती झालीय गं?" तिनं विचारलं. "पडद्यावर कळत नाही."

"माझ्यापेक्षा हातभर," आक्का म्हणाली.

चक्र रिकामं करायचं, तर ससे परत पेटीत. अबोली दोन दिवस अंथरुणात पडून होती. हे ऐकून मात्र उठून आली. "पेटीत नको," ती म्हणाली. "त्यांची हाडं चांगली आहेत ना? मग त्यांना आईकडं पाठवा. तिच्याकडं अंगण आहे."

यान भरायचं काम प्रभुदेसाईकडं होतं. त्यानं सशांसाठी काढलेला डबा बघून आक्काचं डोकं फिरलं. "यात पाय कुठं लांबवतील ते? का पाय तू तुझ्या खिशात नेणार आहेस?"

"आक्का, तीन दिवसांचा प्रवास. यानात बोटबोट जागा मोजलेली असते. अबोलीची खुर्चीसुद्धा दुसऱ्याला देऊन झाली."

"माझी आहे ना अजून?"

तो हातातलं काम थांबवून तिच्याकडं बघू लागला. "तुमची हाडं पृथ्वीवर शिकलेली आहेत. चार महिने काठी धराल, मग चालाल. वैजूताई तिथं एकटी वाट बघतेय."

"एकटी नाही, नवरा आहे. हिच्यापाशी कोण आहे?"

"पुन्हा विचार करा. एकदा खुर्ची सोडली की तुमच्या वयाला दुसरी मिळायची नाही."

"माझं वय मला सांगू नकोस. पाना आण."

खुर्ची निघाली. तिच्या जागी जाळीचा लांब पिंजरा बसला. त्यात ससे सोडले तेव्हा ते आधी कोपऱ्यात एकमेकांना चिकटले, मग एकानं मागचे पाय ताणून आळस दिला. अबोली जाळीला बोटं लावून बघत होती.

"पुरेल ना गं त्यांना एवढं?" तिनं विचारलं.

"तीन दिवसांपुरतं पुरेल," आक्का म्हणाली. "पुढं अंगणात जागा कुणाला मोजावी लागत नाही."