लावीनियाआजीचे पंचवीस लाख सातोशी

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण नेइआफूच्या पेनिसिमानीने उभ्या बेटाला चक्रावणारी चोरी एका दुपारीत सोडवली. साक्षीला लावीनियाआजी मागे चटई विणत बसलीच आहे.

तर पेनिसिमानी आणि त्याचा सुस्त दोस्त लातू मुळं कुटून केलेला कावा पीत होते. एवढ्यात आजी धापा टाकत आली.

"लुटलं रे मला! माझ्या लेकानं, सायमोनेनं, ऑकलंडहून छपरासाठी पंचवीस लाख सातोशी पाठवले. काल संध्याकाळी फोनवर दिसत होते. प्रार्थना करून झोपायला गेले, तर शून्य, टिंब, पुन्हा शून्य!"

"संशय कुणावर?"

"सुनेवर. फोनमधलं सगळं कळतं तिला. आजच्या बोटीनं माहेरी धाडतेय."

बोलता बोलता तिने पिशवीतून लेकाचा फोटो काढून त्याच्या गालावरून अंगठा फिरवला. फोटो खोबरेलाने चमकत होता. आजी तेल काढून विकते.

पेनिसिमानीने तिचा फोन उन्हात तिरका धरला. काच लख्ख. फक्त आकड्यावर एक तेलकट पट्टा.

सून फाने बोचकं बांधत होती.

"फोनला हात लावलास?"

"त्या लावू देतील तर ना! उशाखाली घेऊन झोपतात." तिने नाक पुसलं. "अळूच्या पानांचं लू शिजवून झाकलंय. त्यांना सांगा, गरम आहे तोवर खा."

दुकानदार पोआसी म्हणाला, "सकाळी आजी पाव उधार मागत होत्या. म्हटलं, फोन तर इकडे करा. केला, टिंग झालं. त्यांना वाटलं, मी दया केली. रडत गेल्या."

"सापडला!" लातू ओरडला. "चोर पोआसी! एरवी हा दया करतो होय?"

"तू कावा पी," पेनिसिमानी म्हणाला.

धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. फानेने फळीवर पाय ठेवला.

"थांब पोरी," पेनिसिमानीने हाक दिली. "रिकाम्या पाकिटातून पाव येत नाही. पैसे आतच आहेत. फोन आजीशिवाय कुणाच्या हाती गेलेला नाही. आणि तेल फक्त आकड्यावर. आजी, काल झोपताना या आकड्याला काय केलंस?"

आजी लाजली. "फोटोला करते तेच. त्याचेच कष्ट ना ते!"

"मग कर पुन्हा."

तिने आकडा कुरवाळला. शून्य गेलं, चोवीस लाखांवरचा लांबलचक आकडा उमटला.

"बोट लागलं की हा फोन माप बदलतो. दहा कोटी सातोशी म्हणजे एक बिटकॉइन. तुझे पंचवीस लाख म्हणजे त्याचा चाळिसावा भाग. म्हणून पुढे शून्य."

"पण पंचवीसला कमी आहेत!"

"पाव खाल्लास ना."

आजीने फानेच्या हातातलं बोचकं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. "चल घरी. लू गार होतंय."

पेनिसिमानीने फी घेतली एक सातोशी. त्यात त्याने एक गलेलठ्ठ डुक्कर आणलं, अख्ख्या गावाला जेवण—

मागे चटईवरचे आजीचे हात थांबले.

"खोटं! एका सातोशीत डुकराच्या शेपटीचा केससुद्धा येत नाही! दहा कोटी जमतात तेव्हा कुठे एक होतं. मला शिकवतोस होय रे? फाने, काढून घे ह्याची कावाची वाटी!"