ज्या बाटलीत चहा नव्हता

“अहो... अहो, थांबा! जीव जाईल त्या पानांचा!”

माझ्या हातातली किटली हवेतच थबकली. प्रयोगशाळेच्या दारात एक उंच तरुण उभा होता. खांद्याला कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर असा कळवळा, की जणू मी उकळतं पाणी पानांवर नाही, त्याच्या हातावरच ओतत होते!

“हिरवा चहा आहे ना तो? पाणी जरा निवू द्या. नाहीतर कडूजहर होईल.”

“मला तो प्यायचा नाहीये,” मी म्हणाले, आणि मुद्दाम सगळं पाणी ओतलं. “मला त्यातला कडवटपणाच हवाय.”

“कशाला?”

“जंतूंना पाजायला.”

तो मोठ्यानं हसला... आणि हसता हसता पटकन तोंडावर हात धरला. तेवढ्यात मला दिसलंच. हिरड्या लालभडक, सुजलेल्या. मी दातांच्या कॉलेजात संशोधन करते. माणसाच्या डोळ्यांआधी त्याच्या हिरड्या दिसणं हा माझ्या धंद्याचा शाप आहे. “दिवसभर लोकांच्या तोंडातली घाण चिवडतेस, तुला स्थळं कुठून यायची?” असं आई उगाच नाही म्हणत.

“चहाच्या चुळांचा अभ्यास इथेच चालतो का?” त्यानं हळूच विचारलं. “मला त्यात यायचंय.”

तो चहा चाखणारा होता. चहाच्या कंपनीत रोज ओळीनं मांडलेल्या कपांतून एकेक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि कुठलं पान कशात मिसळायचं ते सांगायचं. पण काही महिन्यांपासून हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि प्रत्येक घोटाला लोखंडाची चव लागत होती. डॉक्टरांनी दात साफ करून चूळ भरायचं औषध दिलं, तर त्या औषधानं जिभेची चवच बोथट झाली.

“आमचे मोठे साहेब निवृत्त होतायत,” तो म्हणाला. “त्यांच्या खुर्चीसाठी सगळ्यांसमोर चाखून दाखवायचंय. आणि मला सध्या चहा आणि खिळा यातला फरक कळत नाही.”

बोलणं थट्टेचं होतं, आवाज मात्र थट्टेचा नव्हता.

मी त्याला समजावून सांगितलं. हिरव्या चहात कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात. हिरड्या पोखरणाऱ्या जंतूंना ती दातांना घट्ट चिकटू देत नाहीत, त्यांची वाढही रोखतात. निदान आमच्या काचेच्या बशीत तरी. माणसाच्या तोंडात काय होतं, तेच आम्ही तपासत होतो. निम्म्या लोकांना चहाच्या अर्काची बाटली मिळायची, निम्म्यांना तशाच रंगाच्या, तशाच कडवट पाण्याची. कुणाला काय मिळालं हे त्यांनाही ठाऊक नसायचं आणि मलाही. ते फक्त आमच्या मॅडमच्या कपाटात बंद असायचं.

त्यानं सही केली, बाटली पिशवीत टाकली, आणि दर आठवड्याला येऊ लागला.

“आ करा.”

“आ...”

“अजून मोठा.”

“लोक डोळ्यांत बघून बोलतात,” मी नमुना टिपलेली कागदाची बारीक काडी हिरडीतून काढली की तो म्हणायचा. “तुम्ही मात्र थेट दाढेत.”

“दाढ खोटं बोलत नाही.”

“आणि डोळे?”

मी नळीला बूच लावण्यात फारच गुंग व्हायचे. मग तो पिशवीतून कुठलं तरी पान काढायचा, तळहातावर चोळायचा आणि माझ्या नाकाशी धरायचा. “डोळे मिटा. कसला वास येतो?” गवताचा, मी म्हणायचे. भिजल्या दगडाचा. एकदा म्हणाले, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांचा. तो इतका खूश झाला, की जाताना दारावरच आदळला.

“बाकीच्यांचे नमुने घेताना तुझ्या केसांत पिन नसते,” प्रयोगशाळेतल्या मावशी बाटल्या धूत धूत म्हणाल्या. “हा येतो त्याच दिवशी बरी असते!”

“मावशी, काहीतरीच तुमचं!”

पण पिन होती. नाकारू कशी?

आणि मग एका सकाळी त्याची हिरडी काडीचा नुसता स्पर्श होताच भळभळली.

“चूळ भरता ना सकाळ-संध्याकाळ?”

“भरतो.”

“मग हे वाढलं कसं?”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर सायकली ओळीनं लावल्या होत्या, त्या मोजत असल्यासारखा.

“त्या बाटलीत चहा नाही,” तो शेवटी म्हणाला. “कडवट आहे, पण तो कडवटपणा चहाचा नाही. जीभ कितीही बोथट झाली, तरी एवढं कळतं हो.”

“कधी कळलं?”

“पहिल्याच चुळीला.”

“आणि तुम्ही... गप्प बसलात? इतके आठवडे?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मला काढून टाकलं असतं.” त्याचा आवाज अगदी खाली आला. “मग इथे यायला मला कारण काय उरलं असतं?”

हे शब्द ऐकायला मी किती आसुसले होते, ते माझं मला माहीत. पण त्या क्षणी मला रागच आला. डोळ्यांत पाणी आणणारा राग.

“तुमची जीभ म्हणजे तुमची भाकरी आहे! साहेबांची खुर्ची, इतक्या वर्षांची मेहनत, सगळं पणाला लावलंत... आणि माझा अभ्यास? त्याचं काय?”

“चुकलं माझं.”

“चुकलंच!”

मी तडक मॅडमकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. माझी पिनसुद्धा. मॅडमनी कपाट उघडलं, पाकीट फोडलं, चष्मा सावरला. “बरोबर ओळखलंय पठ्ठ्यानं. नुसतं कडवट पाणी.” मग माझ्याकडे पाहिलं. “एका माणसानं अभ्यास बुडत नाही. त्याचे आकडे बाद करू, का केले तेही लिहू. त्याला वरच्या मजल्यावर हिरड्यांच्या डॉक्टरांकडे पाठव, आजच. चहाच्या भरवशावर राहण्याइतका तो आता बरा नाही. आणि तू तोंड धू. नाक लाल झालंय.”

मीच त्याला वर पोचवलं. दाराशी तो वळला, काहीतरी म्हणणार... तेवढ्यात आतून हाक आली.

त्यानंतर तो खाली आला नाही. वर उपचार सुरू आहेत, हिरड्या खोलवर साफ केल्या, रक्त थांबतंय, एवढं मावशींकडून कळायचं. माझे नमुने संपले, मॅडमनी सगळी पाकिटं उघडली. खऱ्या चहाच्या गटात जंतू थोडे घटले होते. थोडेच, पण घटले होते. मॅडमनी पाठ थोपटली. मी हसले, आणि घरी जाऊन आईवर विनाकारण चिडले.

“ज्याच्यावर चिडायचंय त्याच्याकडे जा की,” आई भाजी निवडता निवडता म्हणाली. “माझं डोकं का खातेस?”

गेले.

त्याच्या कंपनीतली चाखण्याची खोली उंच खिडक्यांची, उजेडानं भरलेली होती. लांबच लांब टेबलावर पांढरे कप. तो एकटाच होता. मला पाहून त्याच्या हातातला चमचा कपात पडला.

“झाली परीक्षा?” मी विचारलं.

“काल झाली. खुर्ची मिळाली.” तो मनापासून हसला. या वेळी तोंडावर हात नव्हता. हिरड्या छान गुलाबी होत्या. हो, आधी त्याच पाहिल्या... मग डोळे. “तुमच्याकडे यायचं धाडस मात्र झालं नाही. वाटलं, आता कुठल्या तोंडानं जाऊ?”

“ते तोंड मी चांगलं ओळखते.”

त्यानं एक कप पुढे केला. “घोट घेऊ नका, ओढा. जोरात, आवाज करून.” मी ओढला तो थेट घशात, ठसका लागला, चहा माझ्या ओढणीवर आणि त्याच्या सदऱ्यावर. तो पाठीवर हलकेच थोपटत राहिला. ठसका थांबल्यावरही.

“एक विचारू?” तो म्हणाला. “आता मी तुमच्या अभ्यासात नाही. तुमचा नमुना नाही, पेशंट नाही. मग मी तुमचा... कोण?”

“असं तुम्ही-तुम्ही करत विचारलंत, तर नाही सांगणार.”

तो क्षणभर गोंधळला. मग कळलं त्याला. हातातला कप खाली ठेवला, आणि पहिल्यांदाच एकेरीवर येत, अगदी हळू म्हणाला,

“सांग ना.”

आणि मी सांगितलं. दाढेत नाही, डोळ्यांत बघून.