फणीचा पाचवा दात

"काका, थांबा. शिलालेखावर रंग लावताय तुम्ही?"

ठिणगीच्या आवाजाने संग्रहालयाचं मोठं दालन घुमलं. तिची धाकटी बहीण मुंगी आणि चुलतभाऊ वकील धावतच तिच्यामागे आले. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या काळ्या दगडासमोर तिथले छायाचित्रकार काका स्टूल टाकून बसले होते आणि पांढऱ्या रंगात बुडवलेला बारीक ब्रश खुशाल अक्षरांवरून फिरवत होते.

"त्यात काय एवढं? काळ्यावर काळं दिसत नाही. पूर्वी कुणीतरी रंगवलेलंच आहे, मी त्यावरून गिरवतोय. फोटो कसा झकास येतो बघा."

"पण त्या पूर्वीच्या माणसाची रेघ चुकली असेल तर?" वकिलाने विचारलं. कशावरही वाद घालायचा, म्हणून त्याला घरात हे नाव पडलं होतं.

"हे बघ बाळा, माझं डोकं खाऊ नकोस." काकांनी ब्रश पुसला आणि ते चहा प्यायला निघून गेले.

तिघं सुट्टीसाठी या संग्रहालयात काम करणाऱ्या आत्याकडे आली होती आणि आत्या सकाळपासून घासभरही जेवली नव्हती. दगडावरची ही लिपी कुणालाच वाचता येत नव्हती. जुन्या रांजणांवरची, लहानसहान दगडांवरची चिन्हं ताडून पाहत आत्याने एकेका चिन्हाचा उच्चार शोधला होता. या कामात तिचे केस पिकले होते. सगळं जुळत आलं, अडलं ते फक्त या मोठ्या दगडाच्या पहिल्या शब्दापाशी. रांजणांवर 'पाणी' हा शब्द चार दातांच्या फणीसारख्या चिन्हाने सुरू व्हायचा. इथे बाकी शब्द तोच, पण फणीला दात पाच. तरी हा शब्द 'पाणी'च, असं आत्याचं म्हणणं.

"ती फणीच वेगळी आहे," संग्रहालयाचे संचालक ठासून सांगत. "त्यामुळे शब्दाचा अर्थ राजा. राजाने मुले नेली, पुढे जाऊ नका. जिंकलेल्या राजाने शत्रूला दिलेली धमकी आहे ही." आज दुपारी बाहेरगावचे विद्वान येणार होते आणि कोणाचं वाचन खरं ते ठरणार होतं. दगड इतकी वर्षं दुसऱ्या शहरात होता. आत्याने त्याचा फक्त फोटो पाहिला होता. दगड कालच परत आला होता.

"ताई, दगड रात्रीसारखा दिसतोय," मुंगी कुजबुजली.

"मग त्याला उजेड दाखवू या," ठिणगी म्हणाली. "हात मात्र कुणी लावायचा नाही." तिने खिशातला टॉर्च काढला आणि दगडाच्या बाजूला आडवा धरला. तिरपा उजेड पडताच प्रत्येक अक्षराच्या कडेला काळी सावली उमटली. छिन्नीने कोरलेली खाच होती ती. ठिणगी उजेड हळूहळू सरकवत पहिल्या शब्दावर आली. एक दात, दोन, तीन, चार.

पाचव्याला सावलीच नव्हती.

तिने टॉर्च खालून धरला, वरून धरला. दगड तिथे सपाट होता. नुसता रंगाचा फराटा. कुणाचा तरी हात घसरला होता, आणि तेवढ्यासाठी आत्या वर्षानुवर्षं खोटी ठरत होती.

ती आत्याच्या खोलीकडे धावली, पण तिथे विद्वानांची बैठक सुरू झाली होती. दारावरच्या शिपायाने तिघांना हटकलं. "मुलांना आत सोडायचं नाही."

"बरं," वकील शांतपणे म्हणाला. "दगड बघायला ते बाहेर येतीलच की."

थोड्या वेळाने सगळे दालनात आले. पुढे संचालक, सर्वांत मागे आत्या. तिचा चेहरा उतरला होता.

"सर, एक विचारू?" वकील मध्येच म्हणाला. "ही सगळी अक्षरं कोरलेली आहेत ना?"

"अर्थात."

"म्हणजे प्रत्येक रेघेला खाच असणार?"

"असणारच. कुणाचा मुलगा हा?"

"मग जरा दिवे घालवतो," असं म्हणून वकिलाने बटण दाबलं. संचालकांचा पारा चढायच्या आत ठिणगीने टॉर्च लावला. फणीचे चार दात अंधारातून वर आले. पाचवा आलाच नाही.

बाहेरगावच्या विद्वानांपैकी एका वृद्ध बाईंनी भिंग काढलं आणि दगडाला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन पाहिलं. "रंग आहे नुसता," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे रंग वाचत बसलो होतो." चहा पिऊन परतलेल्या छायाचित्रकार काकांनी ब्रश पाठीमागे लपवला.

"आता वाचा तुम्ही," बाई आत्याला म्हणाल्या.

आत्या पुढे आली. तिने एकेका चिन्हाखालून हवेतच बोट फिरवलं आणि अडखळत वाचलं, "पाण्याने... मुले नेली. पुढे जाऊ नका."

"कुठल्या पाण्याने?" मुंगीने विचारलं.

"दगड सापडला तिथे एक बुजलेली विहीर होती," आत्या म्हणाली. "पाणी वाईट निघालं असेल गं. दगड कोरणाऱ्यांची मुलं दगावली. दुसऱ्यांची तरी वाचावीत म्हणून त्यांनी हे लिहून ठेवलं."

ठिणगीने टॉर्च खाली केला. आतापर्यंत तिला तिथे मिशा पिळणारा राजा दिसत होता. आता दिसत होते ते छिन्नी घेऊन बसलेले कुणाचे तरी आईबाबा.

संचालकांनी स्वतः दिवे लावले. "चूक माझी," ते आत्याला म्हणाले. "मी एकदाही असा उजेड टाकून पाहिला नाही." मग ते मुलांकडे वळले. "आणि तुम्ही तिघांनी हात न लावता ते पाहिलंत. शाबास."

वृद्ध बाईंनी ठिणगीच्या पाठीवरून हात फिरवला. दगडापुढची 'विजयलेख' अशी पाटी त्यांनी उचलली आणि उलटी करून ठेवली.