जहाज नसलेला खलाशी

तिच्या त्या पत्राला त्याने उत्तर दिलंच नाही. पत्र तरी कसलं... ‘ढगवेडे’ नावाच्या संकेतस्थळावर आलेला खासगी निरोप. ‘तुमचं जहाज रविवारी बंदराला लागतंय ना? मी धक्क्यावर येते. हिरवी छत्री – ओळखाल ना?’

अडचण एकच होती. जहाज नव्हतं.

ढगवेड्या मंडळींत तो ‘खलाशी’ होता. बाहेर, छापखान्यात, तो प्रुफं तपासायचा. दर्यावर्दींसाठीचं एक जाडजूड पुस्तक तपासताना समुद्राची भाषा त्याला पाठ झाली, आणि सदस्य होताना नावाच्या रकान्यात बोटांनी परस्परच ‘खलाशी’ लिहून टाकलं. छापखान्यात चार लोकांपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, इथे लोक विचारत, “खलाशीदादा, वादळ येणार का हो?” आणि दादा ऐटीत सांगत.

तिची गाठही अवचितच पडली. खिडकीतून काढलेला ढगाचा फोटो त्याने ‘डेकवरून’ म्हणून टाकला, आणि ‘गच्ची’ नावाच्या कुणीतरी खाली लिहिलं –

“ढग सुरेख. पण कोपऱ्यात मोजा कुणाचा वाळतोय? पिवळ्यावर निळे पट्टे!”

“कप्तानाचा.”

“अगंबाई! कप्तानाची ही आवड? जहाज बुडेल हो तुमचं.”

“तुम्ही गच्चीवरून दिवा दाखवा, म्हणजे नाही बुडणार.”

हे आपण लिहिलं?... त्याचे कान तापले.

मग रोज संध्याकाळी तिचे ढग, त्याचे ढग. ती दातांच्या दवाखान्यात होती; रडणाऱ्या पोरांना ढगांचे फोटो दाखवून तोंड उघडायला लावायची. ते तिने सांगावं, आणि त्याने खोटी बंदरं सांगावीत. बंदरं खोटी; तिची वाट पाहणं तेवढं खरं.

रविवारी तो गेला. भुरभुर पाऊस होता, पाणी साचलेलं, म्हणून पँट घोट्यावर दुमडलेली. हिरव्या छत्रीखाली ती एकेका बोटीकडे मान उंचावून बघत होती. तो शेजारी जाऊन उभा राहिला. सगळं सांगून टाकायचं, असं घोकतच आला होता. ती वळली. एकदा खाली, एकदा त्याच्या तोंडाकडे पाहून हसली.

“ती मोठी बोट कुठून आली असेल हो?”

“मला... जहाजातलं काही कळत नाही.”

तिच्याशी बोललेलं त्याचं पहिलं खरं वाक्य! आणखी काही येईल म्हणून ती थांबली. छत्रीही जराशी त्याच्याकडे कलली... आणि तो “येतो” म्हणून चक्क निघून गेला.

त्यानंतर खलाशी ढगवेड्यांत फिरकला नाही.

पावसाळा सरला. एकदा घरी त्याची ताई कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, “हे मोजे पार विटलेत. फेकू?”

“नको गं.”

“का? कुणी मागणी घातलीय का त्यांना?”

त्या संध्याकाळी त्याला राहवलं नाही. त्याने संकेतस्थळ उघडलं. वरच चर्चेचा एक धागा होता – ‘खलाशीदादांना श्रद्धांजली’. मध्यंतरी वादळाची बातमी आली होती. दादांचा पत्ता नाही म्हटल्यावर मंडळींनी त्यांचं जहाज बुडवून टाकलं होतं. ‘दर्याचा राजा दर्यात विसावला.’ ‘दादा, वरून ढग कसे दिसतात?’ त्याला हसू आलं, आणि मग लाज वाटली. नसलेल्या माणसासाठी लोक खरोखर हळहळले होते.

अगदी शेवटी गच्चीने लिहिलं होतं. त्यालाही महिने झाले होते.

‘खलाशी बुडालेला नाही. धक्क्यावर भेटला मला. पायात तेच पिवळे मोजे. जहाज नाही हे मला कधीचंच ठाऊक होतं. त्याने आपणहून सांगावं म्हणून थांबले. आता दुसऱ्या गावी नोकरी लागलीय. नव्या घराला गच्ची नाही. खिडकी आहे...’

तिच्या त्या कललेल्या छत्रीखाली केवढी जागा होती!

मग उठून त्याने मोजे खिडकीतल्या दोरीवर घातले आणि फोटो काढला – मोजे, गज, समोरची भिंत, वर चतकोर ढग. आणि त्याच धाग्यात, सगळ्यांच्या देखत लिहिलं –

‘दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून. मोजे माझे. काम छापखान्यात, प्रुफं तपासण्याचं. पत्राच्या उत्तराला फार उशीर झाला. तुमच्या खिडकीतून दिवा दाखवता येईल का... अजून?’

आणि आयुष्यात पहिल्यांदाच, न तपासता पाठवून दिलं.