राजूरच्या मशीनने दिलेली ओ

रात्रीची जेवणे आटोपली, की आळीतली पोरे काकासाहेबांच्या ओसरीवर जमत. त्या रात्री त्यांनी कंदिलाची वात बारीक करायला लावली आणि म्हणाले, "जगन्नाथाला मी चांगला ओळखतो. खोटं बोलणारा माणूस न्हाई तो. ऐका बराबर."

जगन्नाथ जालन्याच्या एका बियाणे कंपनीत संगणकाचे काम पाहत असे. वीज गेली, की तिथला मेल सर्व्हर बंद पडे आणि व्यापाऱ्यांचे मेल आल्या पावली परत जात. म्हणून राजूरच्या गोदामात, जनरेटरच्या आधारावर, दुसरा सर्व्हर बसवायचे ठरले. जालन्याचा बंद असताना कंपनीच्या पत्त्यावर येणारे मेल याने स्वीकारायचे, सांभाळायचे आणि तो सुरू झाला की त्याच्या स्वाधीन करायचे.

दिवस २३ नोव्हेंबर २००३चा, रविवार; कार्तिकातली अमावास्या. वीज येताच जालन्याचे मशीन सुरू करायला माणूस मिळेना, तेव्हा जगन्नाथाने धाकट्या भावाला, गजाननला, जालन्याच्या ऑफिसात बसवले आणि स्वतः नवे मशीन बसवायला राजूरच्या गोदामात गेला. गजानन कॉलेजात शिकत होता. कंपनीशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

गोदामाचा राखणदार पुंजाराम चहा घेऊन आला.

"साहेब, तिकडलं घर झोपलं, तर हे इथून ओ देणार म्हणा की!"

"तसंच समज."

"अन् कोणाच्या बी नावानं हाक आली तर?"

वास्तविक कंपनीतल्या माणसांची नावे मशीनला नेमून द्यायला हवी होती. जगन्नाथाने कंटाळा केला. पत्ता कंपनीचा असला, की नाव कोणतेही असो, घे, असे त्याने मशीनला सांगून टाकले.

"कोणाच्याही नावानं आली तरी घेईल. नावं उद्या भरू."

"पहिल्याच हाकेला?" पुंजारामाने कपबशी खाली ठेवली. "अमुश्याच्या रात्री तिसऱ्या हाकेबिगर ओ देत न्हाईत, साहेब. ह्याला कोणी शिकवलं न्हाई का?"

"त्याला आजी न्हाई ना, पुंजाराम!" जगन्नाथ हसला.

बाराच्या सुमारास जालन्याची वीज गेली. थोड्याच वेळात राजूरच्या मशीनवर पहिला मेल आला. पाठवणाऱ्याची जागा रिकामी. पत्ता कंपनीचा, नाव मात्र गजाननचे. आत रोमन अक्षरांत दोनच शब्द.

गजानन, येतोस?

खाली मशीनने रीतीप्रमाणे उत्तर दिले होते. स्वीकारले.

जगन्नाथाने तो मेल पुसला. मशीन बंद केले. त्याने टेलिफोन उचलून जालन्याच्या ऑफिसात लावला.

"दादा? बरं झालं केलास. जिन्यात कोणीतरी आहे. माझ्या नावानं हाक मारली एकदा."

"ओ दिलीस?"

"बिलकुल न्हाई. तिसरीची वाट बघून राह्यलो."

जगन्नाथाच्या जिवात जीव आला. "शाब्बास. दार उघडू नको. मी निघालोच."

"दादा…"

"काय रे?"

"दुसरी हाक मारलीच न्हाई त्यानं. ते म्हणून राह्यलंय… ओ आल्ती म्हणून."

जगन्नाथाची नजर बंद केलेल्या मशीनवर गेली. राजूर ते जालना. मध्ये एवढा रस्ता.

"गजा… कडी?"

"घातलीय… पण दादा, ते…"

फोन चालू होता. आवाज नव्हता.

"गजा?"

…

जीप पुंजारामाने चालवली.

ऑफिसचे दार फोडावे लागले. कडी आतून होती. खिडक्यांचे गज जागच्या जागी. गजानन नव्हता. त्या रात्री नव्हता, पुढेही कधी सापडला नाही.

काकासाहेबांनी कंदिलाची वात आणखी बारीक केली.

"खुर्चीवर त्याचा सदरा होता," ते हळूच म्हणाले. "बसल्यासारखा. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली."