वाट कोण पाहतंय

कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकोणतीस वर्षं सहायक आहे. सुटी लागली की सगळे पांगतात आणि इमारतीत मी एकटा उरतो.

यंदा विभागाच्या मॅडमनी नवा प्रयोग लावून दिला. काळ्या पेटीत प्रकाशाचा एकेक कण सुटतो. समोर दोन चिरा. कणाची वाट, म्हणजे तो कुठल्या चिरेतून गेला, हे कुणी पाहिलं नाही, तर पडद्यावर हळूहळू पट्टे उमटतात. पाहिलं, की पट्टे मोडतात. नुसता पुसट डाग राहतो. पाहण्यासाठी चिरांपाशी एक शोधक बसवलेला. मी तो बंद ठेवून रीडिंग घ्यायचं, एवढंच काम.

शोधक बंद होता. तरी डागच येई.

तिसऱ्या दिवशी फोन केला. "मॅडम, शोधकाची वायर माझ्या खिशात आहे. तरी कुणीतरी पाहतंय."

"उंदीर असेल," त्या हसल्या.

"उंदीर वायर खाईल. चिरा कशाला मोजेल?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. अर्ध्या तासात पट्टे उमटले, कंगव्याच्या दातांसारखे स्वच्छ.

"काका, चष्मा बदला आता."

त्या गेल्या. मी पुन्हा स्टुलावर बसलो. डाग.

मग यंत्र चालू ठेवून, कुलूप लावून तासभर पायऱ्यांवर बसलो. आत येऊन पाहिलं तर पट्टे. आत बसून घेतलं, डाग. असं सहा वेळा केलं. सहाही वेळा तसंच.

मॅडमना फोनवर सगळं रीडिंग वाचून दाखवलं.

"म्हणजे काका, तुम्ही एकटे असता तेव्हाच कुणीतरी वाट पाहतंय."

"कणाची ना?"

"हो," त्या जरा थांबून म्हणाल्या. "कणाचीच."

अंगावर काटा यायला हवा होता. नाही आला. संध्याकाळी घरी जाताना मी शेजारी एका माणसाची जागा सोडून चाललो. बायकोला जाऊन पाच वर्षं झाली. जिन्यात तर मी हळूच म्हटलंसुद्धा, "आलीस होय?"

कुलूप काढलं. दारात बाजूला झालो.

आत अंधार.

भिंतीवरचं एक बटण खट्‌कन वाजलं. पंखा फिरू लागला.

दुसरं वाजलं. काहीच नाही.

मग जरा थांबून, तिसरं.

या घरात ती तेवीस वर्षं वावरली होती. दिव्याचं बटण तिला डोळे मिटूनही सापडायचं.