नुसतं दार

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मला वाद घालायचा नाही. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. हाड मोडलंय तर मोडलंय, नाही तर नाही. भुताखेतांच्या गप्पांना मी कायम हसत आले.

आणि ती रात्र नव्हती. रविवारची लख्ख दुपार होती.

जागा... दादाच्या फ्लॅटमधली मागची खोली. आई शेवटी याच खोलीत होती.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तो एक्स-रे मीच काढला होता. त्यानंतर तिचं जग पलंगापासून बाथरूमपर्यंत. तेही वॉकर धरून. त्या वॉकरच्या एका पायाचं रबर निघालेलं, त्यामुळे आवाज ठरलेला. टक, टक, टक... खण्ण.

तिला एकच ध्यास होता. आमचं जुनं घर एकदा बघायचं. ते तर रस्ता रुंद करताना कधीच पाडलं होतं.

दादा लिफ्टच्या कंपनीत नकाशे काढतो. फावल्या वेळात कम्प्युटरवर गेम करायचा नाद. तो तिला म्हणाला, "आई, मी आपलं घर गेममध्ये बांधतो. मारामारी नाही, काही नाही. बटण दाबायचं आणि खोल्याखोल्यांतून फिरायचं."

आईचा चेहरा असा फुलला होता, की मलाही खरं वाटलं.

पण असा गेम बनवायला आधी गेम इंजिन लागतं. म्हणजे जमीन, उजेड, चालणं हे सगळं ज्यात जुळवायचं ते तयार सॉफ्टवेअर. ते निवडण्यातच दादा अडकला. एक फुकट होतं, पण कच्चं. दुसरं देखणं, पण त्याचा कम्प्युटर धापा टाकायचा. तिसऱ्याच्या वापरण्याच्या अटी बदलल्या.

प्रत्येक इंजिनात तो एकच गोष्ट करायचा. करड्या रिकाम्या जमिनीवर आमच्या घराचं निळं दार उभं करायचा. उघडतं का, बंद होतं का, बघायचा. मग नाक मुरडून दुसरं इंजिन.

"झालं का रे घर?" आई विचारायची.

"इंजिन ठरलं की झालंच."

"घराला इंजिन कशाला? पळून जाणार आहे का ते?"

आम्ही हसायचो. आई वाट बघत राहिली... आणि गेली. घराची एक भिंतसुद्धा उभी नव्हती.

त्या रविवारी मी वॉकर न्यायला गेले होते. दवाखान्याचा होता, परत करायचा होता. दादा कम्प्युटरसमोर बसलेला.

"ये, बघ. नवीन इंजिन. एकदम हलकं."

माझं डोकंच सणकलं. आई गेली, तरी याचं चालूच! पडद्यावर तेच. करडी जमीन. निळं दार. मागे काही नाही.

तेवढ्यात...

टक, टक, टक... खण्ण.

मी वळून पाहिलं. वॉकर भिंतीला टेकून उभा होता. हलत नव्हता.

आवाज स्पीकरमधून येत होता.

"असले आवाज घालतोस, दादा? लाज नाही वाटत?"

"मी आवाज घातलेलाच नाही गं." त्याचे ओठ पांढरे पडले होते. दोन्ही हात मांडीवर होते. माउसला त्याने हातही लावला नव्हता.

दाराची कडी वाजली... पलीकडून.

दार उघडलं. कोणी दिसलं नाही.

आवाज मात्र आत आला. चपला घासत. थांबत. डावीकडे वळला. तिथे स्वयंपाकघर असायला हवं होतं. आवाज तिथे बराच वेळ थांबला... मग उजवीकडे, देवघराच्या बाजूला. तिथेही करडी जमीन.

मग एक उसासा. आणि आवाज परत फिरला. दार लागलं.

दादाने जुन्या इंजिनातलं काम उघडलं. तिथेही निळं दार.

टक, टक, टक... खण्ण.

त्याच्या आधीचं उघडलं. तिथेही...

ती घर शोधत होती. या दारातून त्या दारात.

मला रडू फुटलं. दादाचा खांदा धरून मी ओरडले, "एक भिंत बांध! आत्ता. स्वयंपाकघराची एकच भिंत, तिला हात टेकायला!"

त्याने माउस धरला. डोळे पुसले. भिंतीचा एक चौकोन काढला... आणि थांबला.

"यात नको," तो हळूच म्हणाला. "यात सावल्या नीट पडत नाहीत. चांगल्या इंजिनात करू."

मी वॉकर उचलला आणि निघाले. पुन्हा त्या घरी गेले नाही. तो आवाज काय होता, मला माहीत नाही. दवाखान्यात कोणी वॉकर घेऊन चाललं, की अजूनही मी एक्स-रेच्या खोलीचं दार लावून घेते.

परवा दादाचा फोन आला. "अगं, मिळालं एकदाचं. हेच इंजिन. या वेळी नक्की."

त्याच्या मागे खोलीत टकटक ऐकू येत होती. खण्ण ऐकू आलं, तेव्हा मी फोन कानाला घट्ट धरला.

"किती झालंय घर?" मी विचारलं.

"आत्ताच सुरू केलंय," तो म्हणाला. "दार झालं."